राजीनामा देण्याआधी

नाशिक,
१२ फेब्रुवारी २०२२

प्रिय नंदा,

तुझं पत्र काल जेवणाच्या सुट्टीत वाचलं. ‘राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय’ इथवर आले आणि पुढे घास उतरेना. तो कागद पर्समध्येच राहू दे, आधी माझं ऐक.

नोटा मोजताना आकडा निसटतो, दोनदा कॅश कमी भरली आणि तूट तू खिशातून भरलीस. याला तू निष्काळजीपणा म्हणतेस. एकोणीस वर्षं कॅश सांभाळणाऱ्या बाईचा हात असा एकाएकी चुकत नाही गं. कोविड होऊन गेल्यावरही मागे रेंगाळणारं हे दुखणं, दीर्घ कोविड म्हणतात त्याला. जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या ऑक्टोबरात त्याची व्याख्या केली, त्यात थकवा आणि धाप यांच्या जोडीला विचार करण्यातला, लक्षात ठेवण्यातला बिघाडही आहे. तुझा दोष नाही, आजाराचं लक्षण आहे ते.

माझं तुला ठाऊक आहे, पण सगळं कधी सांगितलं नव्हतं. सप्टेंबर २०२० मध्ये कोविड झाला, ऑक्टोबरात कामावर गेले. दिवाळीच्या बोनसचे हिशेब होते, म्हणून एक दिवस रात्री आठपर्यंत बसले. त्या दिवशी काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र केसांतून कंगवा फिरवायला हात उचलेना. हेच लोकांना कळत नाही. श्रमाची शिक्षा लगेच मिळत नाही, एक-दोन दिवसांनी मिळते. म्हणून साहेबांना वाटतं, ‘परवा तर चांगली होती!’

आमच्या साहेबांनी वरच्या मजल्यावरचं माझं टेबल खाली आणलं. वेळ अकरा ते तीन केली, मध्ये अर्धा तास आडवं व्हायची मुभा दिली. फोन दुसरीकडे वळवले, एका वेळी एकच काम. पगार कमी झाला, पण नोकरी राहिली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत कुणीतरी म्हणालं, ‘आता तब्येत सुधारलेली दिसते,’ आणि मला एकदम पूर्ण वेळ केलं. मार्चअखेर मी पुन्हा अंथरुणात. दुसऱ्या खेपेला मात्र दर तीन आठवड्यांनी अर्धा तास वाढवला आणि झेपलं नाही तर मागे यायचं, हे आधीच ठरवून घेतलं. त्या अटीनेच मला तारलं असं मी मानते.

आपल्याकडे डॉक्टरच्या दाखल्यावर दोनच गोष्टी असतात, फिट किंवा अनफिट. ब्रिटनमध्ये २०१० पासून तिसरा पर्याय आहे: अमुक बदल केले तर काम करू शकेल. हळूहळू वाढत जाणारे तास, बदललेली वेळ, हलकं काम, बसण्याची वेगळी सोय, यांवर डॉक्टर खूण करतो. अमेरिकेत गेल्या जुलैपासून दीर्घ कोविड काही जणांच्या बाबतीत अपंगत्व ठरू शकतो, असं सरकारनेच सांगितलंय. आपल्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत याचं नाव नाही. आमच्या शॉपमधल्या हेल्परला इएसआयतून, म्हणजे सरकारी कामगार विम्यातून, आजारपणाचे वर्षाला ९१ दिवस मिळतात, पगाराच्या ७० टक्के. पण घरी बसला तरच. अर्धा दिवस काम करून अर्धा दिवस विसावा घेणाऱ्याची सोय त्यात कुठे आहे? याचा मला फार राग येतो.

म्हणून तो तिसरा पर्याय तूच तुझ्या डॉक्टरांकडून लिहून घे. ‘अशक्तपणा आहे’ एवढ्याने भागणार नाही. काउंटरऐवजी बॅक ऑफिस, उभं राहायचं काम नको, दुपारी विश्रांती, दोन महिन्यांनी फेरविचार, असं एकेक नेमकं लिहायला सांग. मग मॅनेजरना अर्ज दे आणि पोच घे. नुसतं तोंडी बोलून येऊ नकोस, मॅनेजरची बदली झाली की तोंडी शब्दही त्यांच्याबरोबर जातो. युनियनच्या जाधवकाकांनाही एक प्रत दे.

अर्ज एका बैठकीत लिहू नकोस. रोज चार ओळी पुरेत. मी रविवारी चारनंतर फोन करते, तुझी झोप झाल्यावर. जेवढं लिहिलं असेल तेवढं वाचून दाखव, बाकीचं मी लिहून घेईन.

तुझीच,
वैशाली