स्वयंव्यवस्थापन एका दिवसाच्या व्याख्यानाने येत नाही: कौशल्य विकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

खिडकीवर, वॉर्डात, कॉल सेंटरमध्ये दिवसभर लोकांना तोंड देणाऱ्या कर्मचाऱ्यांना स्वयंव्यवस्थापन, म्हणजे स्वतःच्या वागण्याची नोंद ठेवून ते स्वतःच सुधारणे, शिकवायचे म्हणजे बहुतेक ठिकाणी एक दिवसाचे व्याख्यान ठेवतात. प्रमाणपत्रे वाटली जातात आणि पुढच्या आठवड्यात सगळे पूर्ववत होते. आमची मागणी आहे की तोच वेळ आठ आठवड्यांत विभागून द्यावा. कोलेट फ्रेन आणि गॅरी लॅथम यांच्या १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरकारी कर्मचाऱ्यांना आठ आठवडे, दर आठवड्याला एक तास गटात आणि अर्धा तास प्रत्येकाला स्वतंत्रपणे प्रशिक्षण दिले होते. त्यांची हजेरी सुधारली आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात ती नऊ महिन्यांनंतरही टिकलेली दिसली.

पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने मोजता येईल अशी एकच सवय निवडावी. ‘रागावर ताबा ठेवीन’ हे मोजता येत नाही. ‘समोरच्याचा आवाज चढला तर उत्तर देण्याआधी त्याची तक्रार एका वाक्यात त्यालाच परत सांगेन’ हे येते. दुसऱ्या आठवड्यात फक्त नोंद, उद्दिष्ट नाही. आज आपण कुठे आहोत हे कळल्याशिवाय ठरवलेले उद्दिष्ट एकतर फार सोपे निघते, नाहीतर अशक्य. खिशात मावणाऱ्या कार्डावर प्रसंग घडताच खूण करावी. पाळी संपल्यावर लिहायला बसले की शेवटचा वाईट प्रसंग तेवढा आठवतो. मग उद्दिष्ट, ते गाठल्यावर स्वतःला द्यायचे छोटे बक्षीस आणि स्वतःशी केलेला लेखी करार. शेवटची दोन सत्रे घसरणीसाठी राखून ठेवावीत: सवय कोणत्या दिवशी, कशामुळे मोडेल आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कशी धरायची. वेळ अपुरा पडला की कात्री नेमकी याच सत्रांना लागते, आणि शिकलेले ओसरते ते त्यामुळेच.

सगळ्यात मोठा घोळ कार्डावरून होतो. पर्यवेक्षकाने ते मागितले, मूल्यमापनाला जोडले, की त्याच दिवसापासून नोंदी खोट्या होतात. कार्ड कर्मचाऱ्याचेच राहील, असा लेखी आदेश हवा. सत्रे पगारी वेळेत व्हावीत आणि त्या तासाला बदली माणूस द्यावा. नाहीतर सहकाऱ्यांवर भार पडतो आणि तेच या उपक्रमाविरुद्ध जातात.

आणखी एक. रिक्त पदे, लांबलेल्या पाळ्या, बंद पडणारी यंत्रणा यांवर हे प्रशिक्षण उपाय नाही. तिथे भरतीच करावी लागेल. माणसे कमी असताना ‘स्वतःला सांभाळा’ असे सांगणे हा कर्मचाऱ्यांवर अन्याय आहे.

सुरुवात एका विभागातील दोन गटांनी करावी: एक आता, दुसरा तीन महिन्यांनी. दोन्हींच्या नोंदी ताडून पाहाव्यात आणि निष्कर्ष जाहीर करावेत.

आपले,
आघाडीवरील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षक