काजूचा गर आणि रोबोटचा हात

बॉस्टन

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुमच्या गोव्यातल्या फर्मागुडीच्या प्रयोगशाळेत रोबोटच्या हाताने काजूगर उचलून बरोबर खणात टाकला, हे ताईने फोनवर सांगितलं. आता पीएच.डी. करायची की फोंड्यातच कारखान्यांसाठी यंत्रं बनवणारी कंपनी काढायची, हा तुझा प्रश्न. ही दोन्ही कामं आयुष्यभर केलेला माणूस म्हणजे रोबोट बनवणारा शास्त्रज्ञ रॉडनी ब्रूक्स. त्याचं नीट बघ. त्याचं यश सगळे सांगतात, पण फसलेली कंपनी जास्त उपयोगाची आहे.

ब्रूक्स १९५४चा, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचा. शिक्षण गणिताचं, मग अमेरिकेत स्टॅनफर्डला १९८१मध्ये पीएच.डी. तिथे हान्स मोरावेक या संशोधकाची एक आपोआप चालणारी गाडी होती. थांबायची, फोटो काढायची, हिशेब करायची आणि मीटरभर सरकायची. १९७९मध्ये खुर्च्या मांडलेली २० मीटरची खोली तिने पार केली, त्याला सुमारे ५ तास लागले. पुढे थायलंडला सासुरवाडीत बसून ब्रूक्स किडे न्याहाळत राहिला. एवढ्याशा मेंदूचा किडा आधी सगळ्या खोलीचा नकाशा आखत नाही, तरी धडपडत नाही. एमआयटी विद्यापीठात गेल्यावर त्याने आणि विद्यार्थ्यांनी सहा पायांचा ‘गेंगिस’ बनवला. वजन किलोभर, प्रत्येक पायाला दोन मोटरी. मध्यवर्ती मेंदू नाही, साध्या नियमांचे थर एकावर एक. ‘पाय अडला तर उंच उचल’ एवढंच त्यातल्या एका थराला ठाऊक.

१९९०मध्ये त्याने कॉलिन अँगल आणि हेलन ग्रायनर या दोन विद्यार्थ्यांबरोबर आयरोबोट काढली. झाडू मारणारी रूम्बा आली २००२मध्ये. मधली १२ वर्षं विसरू नकोस. त्या काळात त्यांनी हॅस्ब्रो या खेळणी कंपनीबरोबर एक बोलकी बाहुली केली. बाहुली काही फार चालली नाही, पण खेळण्याच्या धंद्यात पै-पैचा हिशेब कसा करतात ते शिकले. म्हणून रूम्बा २०० डॉलरला विकता आली. तिच्यात नकाशा नव्हता. गोल फिर, भिंतीला चिकटून जा, आपटलीस की वळ, बास. त्रास झाला तो भलत्याच गोष्टींचा. ब्रशला केस गुंडाळायचे. पायरीची कड ओळखायला खाली इन्फ्रारेड सेन्सर, पण काळा गालिचा तो प्रकाश गिळतो, आणि यंत्राला वाटतं पुढे खड्डा आहे. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ फरशीवर हे कधीच कळत नाही.

आता फसलेली गोष्ट. २००८मध्ये त्याने जी कंपनी काढली ती पुढे रीथिंक रोबोटिक्स म्हणून ओळखली गेली. २०१२मध्ये बॅक्स्टर आला: दोन हात, प्रत्येकी ७ सांधे, पडद्यावर डोळे, किंमत सुमारे २२,००० डॉलर. कामगाराने हात धरून फिरवला की तो शिकायचा. सांध्यांत स्प्रिंगा होत्या, त्यामुळे माणसाला लागला तर इजा नाही, जाळीचा पिंजराही नको. कल्पना फार सुंदर होती, हे मी आजही म्हणेन. पण स्प्रिंग वजनाखाली दबते, हात थांबल्यावर थोडा हलतो, आणि कारखानदाराला तर हवं असतं की सकाळी ज्या बिंदूवर हात गेला त्याच बिंदूवर संध्याकाळीही जावा. त्याआधीच डेन्मार्कच्या ओडेन्समध्ये विद्यापीठातल्याच तिघांनी २००५मध्ये युनिव्हर्सल रोबोट्स काढली होती. त्यांनी स्प्रिंगा टाळल्या, ६ सांधे ठेवले, धक्का लागल्याचं मोटरच्या करंटवरून ओळखलं. त्यांचा हात ०.१ मिलिमीटरच्या आत परत त्याच जागी यायचा. २०१५मध्ये ती कंपनी टेराडाइन या अमेरिकी कंपनीने २८.५ कोटी डॉलरला घेतली. रीथिंकनेही त्या वर्षी स्प्रिंगांचाच पण नेमका चालणारा सॉयर आणला, तोवर गिऱ्हाईक तिकडे गेलं होतं. ऑक्टोबर २०१८मध्ये रीथिंक बंद.

आता तुझ्या हाताचा हिशेब करू. काजूगराची डब्ल्यू ३२० ही प्रत म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० गर, म्हणजे एक गर साधारण दीड ग्रॅमचा. तुझा हात सेकंदाला एक गर उचलतो असं धरलं (तुझा व्हिडिओ पाहिला, दोन सेकंद लागतात, पण असो) तर तासाला ३,६०० गर. वजन किती? जेमतेम सव्वापाच किलो. कलर सॉर्टरमध्ये गर घसरगुंडीवरून खाली येतात, कॅमेरा बघतो, खराब गराला हवेचा झोत बाजूला फेकतो, आणि तासाला शेकडो किलो माल होतो. तेव्हा गर निवडायला रोबोटचा हात हे स्टॅनफर्डच्या गाडीसारखं आहे. प्रबंध होईल, धंदा नाही.

हात कुठे चालेल? डबे उचलायला नाही. निर्यातीचा डबा २५ पौंडांचा, म्हणजे ११.३४ किलो. १० किलोचा म्हणून विकलेला हात तो पेलणार नाही, कारण त्या दहामध्ये टोकाच्या पकडीचंही वजन धरलेलं असतं. पकड दीड किलोची असेल तर हाती राहतात साडेआठ. शिवाय वजन मनगटापासून जितकं लांब, तितकी क्षमता कमी. पर्यटकांसाठीच्या अर्धा किलोच्या पिशव्या खोक्यात रचायला मात्र ५ किलोचा हात पुष्कळ झाला. तिथे अडचण पिशवीची. ती चुरगळते, हवा ओढून पकडणारी रबरी वाटी नीट बसत नाही, हवा गळते. दोन-तीन घड्यांच्या भात्यासारख्या मऊ सिलिकॉनच्या वाट्या घे. आणि खोल व्हॅक्यूम करणारा पंप नको, भरपूर हवा ओढणारा ब्लोअर घे. गळती असली तरी पकड टिकते. मध्ये फिल्टर हवाच. सालीचा भुगा आणि तेलकटपणा नळीत साचतो, म्हणून फिल्टर हाताने चटकन काढता येईल असा बसव.

मग आपला पावसाळा. माझ्या मते यंत्र बंद पडण्याचं कारण प्रोग्राम क्वचितच असतो. वायर आणि कनेक्टर तपास. साधी वायर सतत वाकली की वरचं आवरण शाबूत राहतं आणि आतलं तांबं तुटतं. मग दोष कधी दिसतो, कधी नाही. हलत्या भागात ड्रॅग चेनसाठीचीच (हलत्या वायरी सांभाळणाऱ्या साखळीसाठीचीच) केबल वापर आणि तिच्या वळणाची त्रिज्या जाडीच्या दहापटीपेक्षा लहान ठेवू नकोस. सर्किट बोर्डावर संरक्षक लेप हवा, नाहीतर दमट खाऱ्या हवेत टोकं हिरवी पडतात. एसीतून बाहेर आणलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर धुकं बसतं, त्याला अर्धा तास बाहेर ठेवून मगच चालू कर. अर्थिंग स्वतः मोजून घे.

किंमत ठरवताना नुसती भागांची बेरीज करू नकोस. विक्रीची किंमत त्याच्या तिप्पट-चौपट ठेवलीस तरच बसवणं, दुरुस्तीच्या फेऱ्या, हमीतले सुटे भाग आणि उधारी निघेल. कारखानदाराने हंगामात फोन केला आणि तू चार दिवसांनी गेलास, तर पुढचं यंत्र तो घेणार नाही.

पीएच.डी. कर किंवा नको करूस, ते नंतर बघू. ब्रूक्सचंच बघ ना, २०१९मध्ये त्याने इतरांबरोबर पुन्हा नवी कंपनी काढली, रोबस्ट डॉट एआय नावाची, आणि बनवलं काय, तर गोदामातली गाडी! तिला दांडा आहे, माणसाने धरली की मुकाट ढकलली जाते.

तू आधी एवढं कर. कुठल्यातरी पॅकिंगच्या खोलीत परवानगी काढून एक पूर्ण पाळी बस. मिनिटाला किती पिशव्या, खोकी किती मापांची, दिवसात किती वेळा माप बदलतं, हे वहीत उतरव. हात परत त्याच जागी येतो का ते बघायला मनगटाजवळ डायल गेज (बारीक सरक मोजणारं घड्याळासारखं माप) लाव, सकाळी थंड असताना ३० फेऱ्या, दोन तास चालल्यावर परत ३०. आकडे मला पाठव. तोवर कर्जाच्या कागदावर सही करू नकोस.

ताईला सांग, सावंतवाडीला गेली की आजीला हे पत्र वाचून दाखवायचं, वायरींचं सोडून. थोरांना नमस्कार.

तुझा,
मामा