‘बेफिकिरी’ हे कारण नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिक एड्स दिनाच्या आपल्या पुरवणीत, अमेरिकेतील कृष्णवर्णीय समलैंगिक व उभयलैंगिक पुरुषांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण एवढे मोठे का, याचे उत्तर ‘बेफिकिरी’ या एका शब्दात दिले आहे. एचआयव्ही समुपदेशक म्हणून अनेक वर्षे काम केलेल्या मला तो शब्द फार लागला. शिवाय तो चुकीचा आहे. संशोधक ग्रेगोरिओ मिलेट आणि सहकाऱ्यांनी २००६ व २०१२ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा या पुरुषांचे वर्तन गोऱ्या समलैंगिक पुरुषांपेक्षा अधिक जोखमीचे आढळले नाही. मात्र ज्या मर्यादित वर्तुळात त्यांना जोडीदार मिळतात तिथे संसर्ग आधीच जास्त असतो आणि औषधोपचार त्यांच्यापर्यंत कमी पोहोचतात. तेव्हाचे प्रमाण कायम राहिल्यास त्यांच्यापैकी दर दोघांत एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्हीचे निदान होईल, असा अंदाज सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्यसंस्थेने २०१६ मध्ये वर्तवला होता. गोऱ्या समलैंगिक व उभयलैंगिक पुरुषांमध्ये हे प्रमाण अकरांत एक होते.

अशा ठिकाणी ‘कंडोम वापरा’ एवढा उपदेश पुरत नाही. ‘मेनी मेन, मेनी व्हॉइसेस’ हा कृष्णवर्णीय पुरुषांसाठी घडवलेला गटकार्यक्रम सुरुवातच वेगळ्या जागी करतो: समाजात वंशभेद आणि घरात, चर्चमध्ये समलैंगिकतेबद्दलचा तिटकारा, असे दुहेरी ओझे वाहताना माणसाच्या मनाचे काय होते, यावर आधी मोकळेपणाने बोलले जाते आणि मगच संसर्गाचा विषय निघतो. न्यूयॉर्कमधील चाचणीत सहभागींचे असुरक्षित संबंध कमी झाले, तपासणी करून घेणारे वाढले. नॉर्थ कॅरोलायनात तर मित्रमंडळात ज्यांचा शब्द मानला जातो अशा तरुणांनाच प्रशिक्षण देण्यात आले. आपल्याकडेही डॉक्टरांच्या व्याख्यानाने जे साधत नाही ते कोथी (बायकी वळणाच्या समलैंगिक पुरुषांच्या) समाजातलाच कार्यकर्ता चहाच्या टपरीवर साधतो, हे मी पाहिले आहे.

अविश्वासालाही इतिहास आहे. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याच्या अभ्यासात कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस हा गुप्तरोग उपचारांविना नुसता ‘निरीक्षणाखाली’ ठेवला गेला. पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही त्यांना ते दिले नाही. त्या समाजातला माणूस सरकारी दवाखान्याकडे साशंक नजरेने पाहत असेल, तर त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. उलट, एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या ‘प्रेप’ गोळीसोबत प्रत्येकाच्या गरजेनुसार समुपदेशन आणि सोबत देणाऱ्या एका अभ्यासात २२६ कृष्णवर्णीय पुरुषांपैकी ७९ टक्क्यांनी ती गोळी स्वीकारली.

असे कार्यक्रम आखतानाही औषधाच्या खर्चाचा प्रश्न उरतोच. अमेरिकेतील नव्या निदानांपैकी जवळपास निम्मी दक्षिणेत होतात आणि तिथल्याच अलाबामा, मिसिसिपी यांसारख्या राज्यांनी गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजनेचा विस्तार नाकारला आहे. या विषयावर पुन्हा लेख येईल तेव्हा या धोरणांची चर्चा त्यात व्हावी, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त समुपदेशक, पुणे