एडी शेपर्स, त्या दोन दिवसांबद्दल आभार

आदरणीय एडी शेपर्स यांस,
सप्रेम नमस्कार.

डब्लिनच्या स्टीफन रोश यांचं १९८७ साल सायकलशर्यतींच्या चाहत्यांना पाठ आहे: जिरो (इटलीची अनेक टप्प्यांची मोठी शर्यत), टूर द फ्रान्स आणि ऑस्ट्रियातल्या फिलाखचं जागतिक विजेतेपद. एकाच वर्षात हे तिन्ही त्याआधी फक्त एडी मर्क्स यांनाच जमलं होतं, १९७४ साली. रोश यांचं कौतुक भरपूर झालं. हे पत्र मात्र तुम्हाला, कारण तुमच्याशिवाय यातला जिरो त्यांच्या हाती लागला नसता, असं आमचं ठाम मत आहे.

६ जून, जिरोचा लिदो दि येझोलो ते सापाडा हा टप्पा. एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची गुलाबी जर्सी तुमच्या आणि रोश यांच्या करेरा संघातल्याच इटालियन रोबेर्तो विसेंतिनी यांच्या अंगावर. सान मारिनोच्या ४६ किलोमीटरच्या टाइम ट्रायलनंतर (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचा टप्पा) रोश २ मिनिटं ४२ सेकंद मागे. मोंते रेस्तच्या उतारावर रोश निसटले. थांबण्याचा हुकूम त्यांनी धुडकावला, आणि त्यांचाच संघ त्यांच्या पाठीमागे लागला.

पाठलाग हे पाळीपाळीचं काम. पुढचा वारा अंगावर घेतो, मागचे आडोशाला दम खातात, मग पुढचा बाजूला होऊन शेपटाला जातो. एकाने जरी पाळी नाकारली, तरी बाकीच्यांची लवकर येते आणि पाय लवकर भरून येतात. तुम्ही नाकारलीत. इटालियन संघाच्या पगारावरच्या बेल्जियन रायडरने, संघाच्या गाडीतून हुकूम येत असताना! शेवटच्या चढावर विसेंतिनी कोलमडले, सहा मिनिटांच्या आसपास वेळ गेला, आणि जर्सी रोशकडे आली.

दुसऱ्या दिवशी मार्मोलादा डोंगराचा चढ. तिथे मालगा चापेलाच्या पुढे रस्ता सरळसोट वर जातो, वळण नाही की उसंत नाही. १०० मीटरला १० मीटरहून जास्त चढ. अशा ठिकाणी वेग इतका पडतो की पुढच्याच्या आडोशाचा फायदा जवळजवळ उरत नाही. उलट प्रेक्षक हाताच्या अंतरावर येतात आणि संथ चाललेली सायकल एका धक्क्यात आडवी होते. विसेंतिनींची जर्सी गेल्याने संतापलेली गर्दी रोश यांच्यावर तोंडातली वाइन आणि तांदूळ थुंकत होती. म्हणून त्या दिवशी जागा पुढची नव्हे, बाजूची. एका अंगाला तुम्ही, दुसऱ्या अंगाला पॅनासॉनिक संघाचे तेव्हाचे रॉबर्ट मिलर, म्हणजे आजच्या फिलिपा यॉर्क. दुसऱ्या संघाच्या रायडरने आडोसा द्यावा आणि स्वतःच्या संघात तुम्ही एकटेच उरावं, हे आजही वाचताना गळा दाटून येतो.

निकालपत्रात या कामाला रकाना नाही. तिथे रोश पहिले, मिलर ३ मिनिटं ४० सेकंदांनी दुसरे, एवढंच. त्या चढावर रोश यांचा खांदा कोणी झाकला, हे निकालात दिसत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो आणि मनापासून आभार मानतो.

१९८८ साली रोश फागोर संघात गेले, तेव्हा त्यांच्यासोबत तुम्ही होतात, मिलर होते आणि करेरातले मेकॅनिक पात्रिक वाल्कसुद्धा.

तुमचे,
सायकलशर्यतींचे मराठी चाहते