एमडीआर टीबी रुग्णांच्या घरच्यांच्या तपासणीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

वर्गणी असो की पूरग्रस्तांचा टेम्पो, आपल्या मंडळाची झोळी गोवंडीने कधी रिकामी पाठवली नाही. लॉकडाऊनमध्ये कार्यालयातून खिचडी जायची तेव्हा तांदळाच्या गोणी न मागता उतरवणारे किराणावाले शेठ, पातेल्यांचं भाडं न घेणारे मंडपवाले आणि पहाटे चारला चूल पेटवणाऱ्या बचत गटाच्या ताई, यांची नावं आजही निघतात. माजी अध्यक्ष अण्णांनी तर निवृत्तीच्या पैशातून आपल्या तपासणीच्या खोलीवर नवा पत्रा घातला. अण्णा गेले, पत्रा अजून एक थेंब आत येऊ देत नाही. २०२२ मध्ये टीबी रुग्णांना लोकांनी पोषणासाठी हातभार लावण्याची सरकारची निक्षय मित्र योजना आली तेव्हा रुग्णांचा शिधा सर्वांत आधी उचलला तो स्टँडवरच्या रिक्षावाल्या बांधवांनी. हे मुद्दाम लिहितो, कारण ज्यांच्याकडे आम्ही मोठ्या आशेने गेलो होतो ते ‘बघू’ म्हणाले आणि अजून बघतच आहेत.

आता मुद्द्याचं. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या दोन मुख्य औषधांना दाद न देणारा तो एमडीआर. आपल्याकडे नटवर पारेख, लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत इमारती एवढ्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर भरदुपारी ट्यूबलाइट लागते. अशा खोलीत एकजण खोकतो आणि पाच-सहाजण तीच हवा घेतात. रुग्णाचे उपचार सुरू होतात, पण त्याच्याशेजारी झोपणाऱ्या मुलांकडे कोण बघतं? जंतू शरीरात शिरले म्हणजे आजार होतोच असं नाही, पण झाला तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत.

यावर उपाय आहे. घरच्यांनी रोज लेव्होफ्लॉक्सासिनची गोळी सहा महिने घ्यायची. व्हिएतनाम आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चाचण्यांनंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये तशी शिफारस केली. आपल्या देशाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही ती होतीच. मात्र गोळी मेडिकलमधून परस्पर आणून सुरू करू नये, हे हात जोडून सांगतो. आधी एक्स-रे, लागला तर बेडका तपासून आजार नाही याची खात्री करावी लागते. आजार असताना एकच औषध दिलं तर जंतू त्यालाही सरावतात. रुग्णाचे जंतू या औषधाला दाद देतात का, तेही रिपोर्टमध्ये पाहावं लागतं.

सरकारी तपासणी आणि गोळ्या मोफत असतात, मग पैसे कशाला, असं विचारणारे भेटतात. नाका कामगाराचा एक खाडा म्हणजे त्या दिवशीची चूल, म्हणून. धडधाकट माणसाला सहा महिने गोळी गिळायला लावणं सोपं नाही, म्हणून. आमच्या एका ताई दर आठवड्याला पाकीट उलटं करून गोळ्या मोजतात. एका घरी गोळ्या पिठाच्या डब्यात सापडल्या. मुलीचं लग्न ठरत होतं, पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून लपवलेल्या. अशा घरी परत परत जावं लागतं, आणि आवाज न चढवता.

गेल्या वर्षीही हेच पत्रक वाटलं होतं. डीजेच्या वर्गणीला पावतीपुस्तक अपुरं पडलं, या कामाचं मात्र निम्मं कोरं राहिलं. राग नाही, पण लक्षात आहे.

खाडाभरपाई, रिक्षाभाडं, शिधा (डाळ, शेंगदाणे, तेल, अंडी) व खिडकीत बसवायचे एक्झॉस्ट पंखे यांसाठी मदत हवी. रोख ₹ ५०० पासून पुढे, वस्तूही चालतील, पावती जरूर घ्यावी. आठवड्यातून दोन संध्याकाळी घरभेटीला येणारे तरुण-तरुणी हवेत, मास्क आम्ही देऊ. कार्यालय रोज संध्या. ७ ते ९, सोमवारी बंद. तपासणीला येणाऱ्यांनी आधार कार्ड, रुग्णाच्या रिपोर्टची झेरॉक्स आणावी. गरोदर असल्यास, सांधे-स्नायू दुखत असल्यास वा अॅसिडिटीची, लोहाची औषधं चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. नाव गुप्त राहील. पत्रक शेजारी द्यावे.

आपला,
सचिव (मंडळाच्या वतीने)