नदी खोदण्याआधी कांस पाहा

मा. जलसंपत्ती मंत्री,
गुजरात राज्य, यांस

सविनय नमस्कार.

दांडिया बाजारात आमच्या चार पिढ्या गेल्या, त्या आजवा तलावाचे पाणी पीत. सयाजीराव महाराजांनी बांधून घेतलेला तो तलाव आजही बडोद्याला पाणी देतो. त्याच खोऱ्यातले पाणी विश्वामित्री नदीतून शहरात काळ्या घोड्याच्या पुलाखालून जाते, तेव्हा मात्र नाकाला रुमाल लावावा लागतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात ते समा भागात माझ्या मावशीच्या घरात शिरले. गाळ दोन दिवसांत उपसला, भिंतींचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही.

पुरानंतर पात्र खोल-रुंद करण्याचे काम झाले. पाण्याचा निचरा त्याने सुधारेल. पण घाण पात्रात तयार होत नाही, ती कांसांतून, म्हणजे नाल्यांतून, येते. भूखी, रूपारेल, मसिया हे सगळे पावसाचे पाणी नदीत नेणारे कांस. फेब्रुवारीत, चार महिने पाऊस नसताना, ते कोरडे हवेत. ते वाहत असतात. हे पाणी घरांच्या संडास-मोऱ्यांचे आहे, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

म्हणून माझी मागणी एकच आहे: नदी सुधारण्याचा आराखडा कांसांपासून सुरू करा. उन्हाळ्यात प्रत्येक कांस मुखापासून उगमापर्यंत चालून पाहावा, त्यात उघडणारी गटारे नकाशावर यावीत आणि एकेक करून मलवाहिनीला जोडली जावीत. कांस नदीला मिळतो तिथल्या पाण्याची तपासणी दर महिन्याला व्हावी आणि आकडे नागरिकांना दिसावेत. हे काम वॉर्डांच्या हद्दीत मावणारे नाही. पावागढच्या डोंगरापासून विश्वामित्री ढाढरला मिळते तिथपर्यंतचे खोरे एकत्र धरावे लागेल, वरच्या गावांच्या तळ्यांसकट.

काठावरच्या कोतरांनाही (घळींनाही) हात लावू नये. पुराचे पाणी तिथे पसरते, मुरते. मगरी अंडी घालतात त्या याच मातीच्या काठात. (भर शहरात मगरी नांदणारी नदी आपल्याकडे आहे, याचा मला लहानपणापासून अभिमान वाटतो.) राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्ये या नदीसाठी आदेश दिलेले आहेतच.

येत्या फेब्रुवारीत एका सकाळी आपण निझामपुऱ्यात यावे. भूखी कांसाच्या काठाने आपल्यासोबत चालायला आम्ही रहिवासी तयार आहोत.

आपली नम्र,
दांडिया बाजारातील एक रहिवासी, वडोदरा