रविवारी फालतू प्रश्नांची बैठक, वाचा आणि होय-नाय कळवा

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी 5 वाजता पणजीला कांपालच्या बागेत भेटायचंय. पाऊस आला तर माझ्या घरी, पण मग चपला बाहेर आणि आवाज जरा कमी, खाली म्हातारी माणसं राहतात.

प्रत्येकाने एक तरी खुळचट प्रश्न आणायचा. नमुना देतो: मांडवीवरचे तिन्ही पूल एक दिवस बंद आणि बेतीची फेरीबोट तुमच्या हातात, तर कोणाला चढवणार नाही? किंवा जन्मभर हुमण (माशांचं कालवण) सोडायचं की चतुर्थीच्या नेवऱ्या (करंज्या)?

उत्तर द्यायचंच, 'डिपेंड्स' म्हटलं की भजी त्याच्याकडून.

मग आवडत्या सिरीयली. गेल्या खेपेला दूरदर्शनच्या महाभारतावरून जी जुंपली ती पुरे आता, 94 भाग होते, 1988 ते 1990, विषय संपला.

- नवीन सिरीजचा शेवट फोडायचा नाही, मी अजून अर्ध्यावर आहे
- मोबाईल खिशात, गुगल करून भांडायचं नाही
- कट बोंडा मी आणतो, चहा ज्याने त्याने

म्हापशाहून बसने येणाऱ्यांनी परतीची बस आधी बघून ठेवा. कोण येतंय ते शुक्रवारपर्यंत सांगा, नुसता अंगठा टाकू नका रे.